भरवशाचं इंजिन कशाला म्हणायचं?

जुना मोवर विकायला काढलेल्या अमेरिकन माणसाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: 'ठेवला तेव्हा चालत होता.' वाक्य खोटं नसतं. फक्त कधी ठेवला, याबद्दल ते काही बोलत नाही. मागच्या दिवाळीत की सात हिवाळ्यांपूर्वी? टाकीतलं पेट्रोल काढून ठेवला होता की तसाच? पंख्याच्या झाकणाखाली उंदरांनी संसार थाटला आहे का? हे सगळं घेणाऱ्याने शोधायचं.

मोवर म्हणजे गवत कापायचं यंत्र. त्यातला बसून चालवायचा प्रकार आपल्याकडे गोल्फची किंवा क्रिकेटची मोठी मैदानं सोडली तर फारसा दिसत नाही. अमेरिकेत मात्र अर्धा-एक एकर हिरवळीच्या मधोमध घर असलेली असंख्य कुटुंबं आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये बुटक्या ट्रॅक्टरसारखं हे यंत्र उभं असतं. पोटाखाली दोन-तीन फिरती पाती आणि एक किंवा दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. नवा घ्यायचा तर दोन-तीन हजार डॉलर सहज जातात, म्हणून जुन्याचा बाजार तेजीत असतो.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इंजिनं हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, पण 'त्याला इंजिनातलं कळतं' अशी इथल्या मराठी मंडळींची समजूत आहे. एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. खाली ठरलेला मजकूर: 'सहाशे म्हणतोय. इंजिन चांगलं आहे म्हणे. घेऊ का?'

या 'चांगलं'चा अर्थ लावण्यात अमेरिकेने शंभर वर्षं घालवली आहेत. प्रत्येक पिढीने छोट्या इंजिनाचा भरवसा मोजायला एकेक माप शोधलं: वजन, हॉर्सपॉवर, ब्रँड, तास. मापं निरुपयोगी नव्हती. पण माप एकदा स्टिकरवर छापलं गेलं की ते विक्रीच्या कामाला लागतं आणि मोजायचं काम मागे पडतं. ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडत गेली. ती सांगायची तर सुरुवात इंजिन नसलेल्या मोवरपासून करावी लागते.

डर्स्ले नावाचं गाव

१८३० साली इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये, स्ट्राउड गावाजवळ, एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले लोकरीचे तंतू फिरत्या पात्यांनी सारखे कापायचं एक यंत्र तिथे वापरात होतं. हेच यंत्र जमिनीवर फिरवलं तर गवतही असंच सारखं कापलं जाईल, हे बडिंगला सुचलं. ते यंत्र माणूस ढकलायचा, पुढे घोडे ओढायला लागले. १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारा मोवर बाजारात आणला आणि हिरवळीच्या कामात पहिल्यांदाच 'आज सुरू होईल का?' हा प्रश्न आला. घोडा आजारी पडायचा, पण कार्ब्युरेटरमुळे कधी अडत नव्हता.

बडिंगच्या आयुष्यातला शेवटचा काळ मला जास्त ओढून घेतो. तो डर्स्ले या गावी गेला आणि तिथे जॉर्ज लिस्टर यांच्यासाठी लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करू लागला. १८४६ मध्ये तो वारला. पुढे या जॉर्ज लिस्टरच्या मुलाने, रॉबर्ट ॲश्टन लिस्टरने, १८६७ साली डर्स्लेतच स्वतःची कंपनी काढली. त्याच कंपनीने १९३० च्या आसपास आणलेलं डिझेल इंजिन म्हणजे 'लिस्टर'. मिनिटाला ६५० फेरे, जड फ्लायव्हील, संथ ठोके. त्याच्या नकला पुढे राजकोटच्या कारखान्यांमध्ये वर्षानुवर्षं निघाल्या आणि भारतभरच्या विहिरींवर बसल्या.

आमच्या मळ्यावर विजेचा पंप येण्याआधी डिझेल इंजिन होतं. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समुळे महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत 'इंजिन' हा शब्द पाणी उपसणाऱ्या यंत्रासाठीच वापरला जायचा. तिथे भरवशाची कसोटी साधी होती. ऊस वाळायच्या आत इंजिन सुरू झालं पाहिजे आणि बिघडलं तर गावातल्या मिस्त्रीला ते दुरुस्त करता आलं पाहिजे. इंजिनाची किती हॉर्सपॉवर आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ते चांगलं की वाईट हे मात्र ठोका, धूर आणि हँडल किती वेळा मारावं लागतं यावरून ठरायचं.

धुणं धुणारं इंजिन

नकाशात विस्कॉन्सिन पाहा. मिलवॉकी शहरात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. तिथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर कोलर गावात कोलर कंपनी, म्हणजे आपल्याकडे महागड्या नळांमुळे ओळखीची झालेली तीच. थोडं पुढे न्यू होलस्टीन, जिथे लॉसन इंजिनं बनायची. पश्चिमेला होरिकॉन, जिथे जॉन डिअरचे मोवर बनतात. अमेरिकन हिरवळीवर अनेक दशकं फिरलेल्या इंजिनांचा मोठा हिस्सा एवढ्या लहानशा पट्ट्यातला आहे.

१९०८ साली स्टीफन ब्रिग्ज हा इंजिनिअर आणि हॅरॉल्ड स्ट्रॅटन हा धान्याचा व्यापारी एकत्र आले. दोघांना मोटारी बनवायच्या होत्या. ते जमलं नाही. मग त्यांनी मोटारींचे विजेचे सुटे भाग बनवले आणि १९२० च्या दशकात त्यांची छोटी इंजिनं चालू लागली. ही इंजिनं कुठे बसत होती? बरीचशी धुण्याच्या यंत्रांवर. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. उरलेल्यांसाठी मेटॅगसारख्या कंपन्या पेट्रोल इंजिनावरची धुलाई यंत्रं विकत होत्या. पायाने पेडल मारायचं, इंजिन सुरू करायचं आणि कुटुंबाचे कपडे धुवायचे.

छोट्या इंजिनाच्या भरवशाच्या पहिल्या परीक्षक या शेतकरी बायका होत्या, असं मला वाटतं. त्यांना हॉर्सपॉवरशी कर्तव्य नव्हतं. सोमवारी सकाळी, बाहेर बर्फ असताना, कितव्या लाथेला ते सुरू होतं एवढंच त्या पाहायच्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून लोक राहायला आले आणि गवत वेळच्या वेळी कापण्याची अट घराच्या कागदपत्रांतच होती. हिरवळ ही शेजारधर्माची गोष्ट झाली आणि मोवर घरोघरी लागू लागला. तो स्वस्त आणि हलका हवा होता. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं इंजिन तसं होणं शक्य नव्हतं.

१९५३ साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने ॲल्युमिनियमचं इंजिन आणलं. साच्यात दाबाने ओतलेला हलका धातू, यंत्रकाम कमी, वजन कमी, किंमत कमी. यातल्या घरगुती इंजिनांमध्ये सिलिंडरला लोखंडी स्लीव्हही नसायची. क्रोमचा मुलामा दिलेला पिस्टन थेट ॲल्युमिनियमच्या भिंतीत वर-खाली व्हायचा. ज्यांना जास्त टिकाऊ हवं त्यांच्यासाठी आत बिडाची स्लीव्ह घातलेलं, थोडं महाग इंजिन वेगळं मिळायचं. म्हणजे एकाच कंपनीने, जवळजवळ एकाच रूपात, दोन आयुष्यं विकायला ठेवली होती. कोणतं घ्यायचं हे खिसा ठरवायचा.

'जुनं ते सोनं' आणि एक विमान

इथून वजनाचं माप रूढ झालं. कोलरच्या बिडाच्या के मालिकेतल्या इंजिनांना आजही लोक हात लावून नमस्कार करायचे बाकी असतात. १९६१ च्या सुमारास आलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कब कॅडेटमध्ये तेच होतं, १९६३ च्या जॉन डिअर ११० मध्येही तेच. गावोगावच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या जत्रेत साठ वर्षांचे हे मोवर फटफटत असतात आणि शेजारी उभं असलेलं कोणीतरी हमखास म्हणतं, 'आता अशी इंजिनं बनत नाहीत.'

बीड टिकाऊ आहे यात शंका नाही. त्याची झीज सावकाश होते, उष्णता सोसतं, रिबोअर करता येतं. पण जत्रेत दिसणारं प्रत्येक इंजिन हे वाचलेलं इंजिन आहे. त्याच साली बनलेली आणि कधीच भंगारात गेलेली इंजिनं जत्रेला येत नाहीत.

लाल ठिपके मारलेल्या विमानाचं चित्र तुमच्या फोनवर कधीतरी आलं असेल. चित्र अलीकडचं आहे, पण त्यामागचा विचार अब्राहम वाल्ड या गणितज्ञाचा. दुसऱ्या महायुद्धात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र गटात काम करताना त्याने परत आलेल्या बॉम्बर विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. जी विमानं परतली त्यांच्यावरच्या खुणा म्हणजे ज्या जागी गोळी लागूनही विमान वाचतं त्या जागा. जी परतली नाहीत त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, हे त्याने गणिताने दाखवलं. हाच वाल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये व्याख्यानांसाठी भारतात आला असताना निलगिरीच्या डोंगरांत विमान अपघातात गेला.

वाल्डचा धडा मोवरला लावला तर जत्रेतलं इंजिन आपल्याला धातूबद्दल थोडं आणि मालकाबद्दल बरंच सांगतं. साठ वर्षं कोणीतरी त्याचं ऑइल बदललं आहे, हिवाळ्यात छपराखाली ठेवलं आहे, आणि बिघडल्यावर टाकून न देता खर्च केला आहे.

स्टिकरवरचे घोडे

१९८० नंतर दुकानात जाणाऱ्या माणसाला वजन कळेनासं झालं. सगळ्यांवर प्लॅस्टिकचं बॉनेट आलं. बॉनेटवरचं नाव आणि आतल्या इंजिनाचं नाव यांचा संबंध आधीच सुटला होता. सीअर्सच्या दुकानातला क्राफ्ट्समन मोवर बनायचा दुसऱ्याच्या कारखान्यात आणि त्याचं इंजिन असायचं बहुधा ब्रिग्जचं किंवा टेकम्सीचं. तेच इंजिन शेजारच्या दुकानात दुसऱ्या रंगाच्या मोवरमध्ये बसलेलं असायचं. १९८३ साली होंडाने जीएक्स मालिका आणली, वॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेली छोटी इंजिनं कामगारांच्या हाती आली आणि कमी तेलात, कमी गोंगाटात चालणारं इंजिन कसं असतं हे लोकांना कळलं. कावासाकीने १९८९ मध्ये मिसुरी राज्यातल्या मेरीव्हिलला कारखाना काढला. स्पर्धा वाढली, आणि गिऱ्हाइकाला पटकन कळेल असा एकच आकडा उरला: हॉर्सपॉवर.

आकडे दरवर्षी वाढत गेले. पण ते मोजले कसे जात होते? प्रयोगशाळेतली 'ग्रॉस' हॉर्सपॉवर ही आदर्श परिस्थितीतली असते. एअर फिल्टर, सायलेन्सर लावून, उन्हात, ओल्या गवतात पात्यांपर्यंत पोहोचणारी ताकद त्याहून कमीच भरते. २००४ साली इलिनॉयमध्ये ग्राहकांनी दावा लावला की स्टिकरवरचे आकडे फुगवलेले आहेत. ब्रिग्ज, कोलर, टेकम्सी, कावासाकी, जॉन डिअर, सीअर्स अशी मोठमोठी नावं त्यात प्रतिवादी होती. प्रकरण शेवटी मिलवॉकीच्या फेडरल न्यायालयात आलं आणि २०१० साली तडजोडीने मिटलं: साडेसहा कोटी डॉलर, बसून चालवायच्या मोवरमागे जास्तीत जास्त ७५ डॉलर, ढकलायच्या मोवरमागे ३५, शिवाय वाढीव वॉरंटी. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही. पण त्या सुमारास बऱ्याच ढकलत्या मोवरांवरून हॉर्सपॉवर गायब झाली आणि तिथे सिलिंडरचं घनफळ किंवा टॉर्कचा आकडा आला.

ग्राहकांची फसवणूक झाली का, याहून मला एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. आकडा अगदी खरा असता तरी तो भरवशाबद्दल काहीच सांगत नव्हता. एकाच सांगाड्यातून जास्त ताकद काढलेलं इंजिन जास्त तापतं. ज्या आकड्यासाठी लोक जास्त पैसे मोजत होते, तो टिकाऊपणाच्या दिशेने जाणारा नव्हताच.

किती तास?

यंत्राचं वय तासांत मोजावं, हे जाणकारांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे. मोवरचं इंजिन मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर बांधलेलं असतं. तासाला २ लाख १६ हजार फेरे. २५० तासांत ५ कोटी ४० लाख. विहिरीवरच्या लिस्टरला तेवढेच फेरे घ्यायला जवळपास १,३८५ तास लागतील. दोन्ही 'छोटी इंजिनं', पण दोघांचा तास सारखा नाही.

अमेरिकेत १९९७ पासून छोट्या पेट्रोल इंजिनांना धुराचे नियम लागू झाले. पुढच्या टप्प्यात इंजिनावर एक लेबल सक्तीचं झालं, ज्यावर तास लिहिलेले असतात. २२५ सीसी किंवा त्याहून मोठ्या इंजिनासाठी २५०, ५०० किंवा १,००० तास. जुना मोवर घेणाऱ्या पुष्कळांना वाटतं की हे इंजिनाचं आयुष्य. प्रत्यक्षात ती मुदत आहे फक्त धुराची: एवढे तास हे इंजिन प्रदूषणाच्या मर्यादेत राहील, एवढंच कंपनी त्यात सांगते.

तरीही ते लेबल वाचण्यासारखं आहे. कंपनीने २५० लिहिले की १,०००, यावरून आपण कोणासाठी बनवतो आहोत हे ती नकळत सांगून जाते. आठवड्याला तास-सव्वा तास गवत कापणाऱ्या घरमालकाला हंगामात तीसेक तास पडतात. त्याला २५० तास म्हणजे आठ वर्षं. गवत कापण्याचा धंदा करणारा पोरगा तेवढे तास दीड महिन्यात संपवतो. दोघं एकाच दुकानात, एकाच रंगाच्या मोवरसमोर उभे असतात. एकासाठी ते यंत्र भरवशाचं आहे, दुसऱ्यासाठी भरवशाच्या म्हशीला टोणगा.

तासमापकावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. काही साधी मापकं किल्ली फिरवलेली असली तरी पुढे सरकतात, इंजिन बंद का असेना. शिवाय दोनशे तास सावलीत, वेळेवर ऑइल बदलून चाललेले आणि दोनशे तास थंडाव्याच्या पंखांत गवत अडकून चाललेले यांत फार फरक असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ते गवत म्हणजे मे महिन्यात पांघरलेली गोधडी.

अठ्ठेचाळीस तासांचा प्रवास

एका माणसाने या सगळ्या मापांची एकदम परीक्षा घेतली. आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावचा ॲल्व्हिन स्ट्रेट, वय ७३. १९९४ च्या उन्हाळ्यात त्याला कळलं की विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या त्याच्या ८० वर्षांच्या भावाला, हेन्रीला, पक्षाघाताचा झटका आला आहे. ॲल्व्हिनची दृष्टी अधू, त्यामुळे गाडीचा परवाना नाही. मोवर चालवायला परवाना लागत नाही. १९६६ सालच्या जॉन डिअर ११० ला त्याने दहा फुटांची ट्रेलर जोडली आणि ५ जुलैला निघाला. अंतर सुमारे २४० मैल, वेग ताशी ५ मैल. डेव्हिड लिंचने १९९९ मध्ये यावर 'द स्ट्रेट स्टोरी' हा चित्रपट केला. त्यात पहिला मोवर बिघडल्यावर म्हातारा त्याला सरळ गोळी घालतो.

खऱ्या प्रवासाचा हिशेब मी पुन्हा पुन्हा करून पाहतो. २४० मैल, ताशी ५ मैल, म्हणजे इंजिन चाललं फक्त ४८ तास. घरमालकाच्या दोन हंगामांपेक्षाही कमी. प्रवासाला लागले सहा आठवडे. उरलेला वेळ कुठे गेला? चारच दिवसांत, एकवीस मैलांवर मोवर बंद पडला. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, जनरेटर, स्टार्टर असे सुमारे २५० डॉलरचे भाग बदलावे लागले. पुढे पैसे संपले, तेव्हा पेन्शनचा चेक येईपर्यंत मुक्काम ठोकावा लागला. शेवटी भावाच्या घरापासून दोनेक मैलांवर मोवर पुन्हा थांबला आणि एका शेतकऱ्याने ढकलायला मदत केली.

त्या बदललेल्या भागांची यादी नीट वाचा. त्यात पिस्टन नाही, रिंगा नाहीत, क्रँक नाही. त्या यादीत विजेच्या जोडण्यांचा आणि स्वस्त, बदलता येणाऱ्या भागांचा बिघाड आहे. २८ वर्षांचं बिडाचं पोट शाबूत होतं. 'इंजिन गेलं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाच्या अंगावरचं काहीतरी गेलेलं असतं: प्लग, कॉइल, जुन्या पेट्रोलचा चिकटा साचलेला कार्ब्युरेटर, सोलेनॉइड. म्हणून भरवसा ठरवताना 'बिघडेल का?' या प्रश्नाइतकाच दुसराही प्रश्न विचारावा लागतो: बिघडलं तर कितीत आणि कोणाकडून दुरुस्त होईल? ॲल्व्हिनला छोट्या गावात ते भाग मिळाले, म्हणून तो भावापर्यंत पोहोचला.

बॉनेटच्या आतलं लिखाण

माझ्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. फोनवर आलेल्या फोटोंपैकी काही मोवर मी त्यांच्यासोबत प्रत्यक्ष पाहायला गेलो आहे. त्यांची पद्धत मळ्यावरच्या मिस्त्रीसारखीच, घाई नसलेली. आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. ते कोमट लागलं तर आपण यायच्या आधी मालकाने सुरू करून ठेवलं आहे. मग खरी परीक्षा, म्हणजे थंड इंजिन सुरू होणं, ती बघायलाच मिळणार नाही. त्या दिवशी ते हसून निघून येतात आणि 'उद्या सकाळी येतो' म्हणतात.

मग ऑइलची पट्टी. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर गळतो आहे. त्यात बारीक चकाकी दिसली तर आतला धातू खरवडला जातो आहे. मग फिल्टर, मग पंख्याखालचं गवत. सुरू केल्यावर धूर: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. वीस मिनिटं चालवायचं, पाती लावायची, उंच गवतात घालायचं आणि आवाज ऐकायचा. दबलेला वेग गव्हर्नर पटकन सावरतो का? शेवटी बंद करून लगेच पुन्हा सुरू करायचं, कारण काही दोष गरम झाल्यावरच बोलतात.

नवख्या खरेदीदाराकडे कॉम्प्रेशन गेज असतं आणि त्यावरचा कमी आकडा पाहून तो घाबरतो. पण यातल्या अनेक इंजिनांमध्ये सुरू करणं सोपं जावं म्हणून एक वॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना असते. त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. शेजारी सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे वॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून म्हणजे रिंगा. मापापेक्षा गळती कुठे आहे हे कळणं जास्त उपयोगाचं.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ज्याच्या विषयासाठी पुढे २००१ चं नोबेल मिळालं. चांगली वस्तू आणि वाईट वस्तू बाहेरून सारखीच दिसत असेल तर घेणारा सरासरी किंमतच देतो. मग चांगली वस्तू असलेला माणूस 'एवढ्यात नाही परवडत' म्हणून बाजारातून निघून जातो आणि उरतो गाळ. यावर उतारा एकच: चांगलं असल्याचा असा पुरावा, जो खोटा बनवायला खऱ्याइतकेच कष्ट पडतील.

असा पुरावा मी एकदाच पाहिला. एका वृद्ध बाईंच्या गॅरेजमधल्या मोवरचं बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूला मार्करने तारखा लिहिल्या होत्या. ऑइल, प्लग, पातं, ऑइल. अक्षर एकच, शाई निरनिराळी, पंधरा वर्षांच्या नोंदी. नवरा गेल्यावर पुढच्या दोन ओळी बाईंच्या अक्षरात होत्या. इंजिन साधं, एका सिलिंडरचं, घरगुती वापराचं. शेजाऱ्यांनी आवाजही न ऐकता मला मान डोलावून दाखवली. मित्राने तो घेतला, आणि चार हंगाम त्याचं त्यावर गवत कापून झालं आहे.

कारखानाच गेला तर

एक शेवटची गोष्ट, जी कोणत्याही गेजवर दिसत नाही. न्यू होलस्टीनचा लॉसन कारखाना १९५० च्या दशकात टेकम्सीकडे गेला. अर्धं शतक त्या गावाने इंजिनं बनवली. २००७ मध्ये टेकम्सीने इंजिनांचा धंदाच विकला आणि २००८ च्या अखेरीस उत्पादन थांबलं. त्या दिवशी देशभरातल्या गॅरेजमधली टेकम्सी इंजिनं जशी होती तशीच होती. पण त्यांचा भरवसा एका रात्रीत उतरला, कारण पुढचा कार्ब्युरेटर कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. २०२० च्या जुलैमध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत तीच धास्ती होती. ती कंपनी नव्या मालकाकडे जाऊन चालू राहिली.

आता कॅलिफोर्नियात २०२४ पासून नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या मोवरवर बंदी आहे आणि बॅटरीवरचे मोवर सगळीकडे येत आहेत. त्यांच्या खोक्यांवर नवे आकडे आहेत: व्होल्ट, अँपिअर-तास, एका चार्जमध्ये किती एकर. मला फोनवर येणारे फोटोही हळूहळू बदलत आहेत. माझं उत्तर मात्र मी तेच ठेवलं आहे. आकडा नंतर पाहू. आधी विचार, की मालकाने ते हिवाळ्यात कुठे आणि कसं ठेवलं होतं. मग विचार, की हा भाग दहा वर्षांनी मिळेल का आणि तो बदलणारा माणूस तुझ्या घरापासून किती लांब आहे. आणि घ्यायचं ठरलं, तर येताना एक मार्कर घेऊन ये.